कोरा रकाना आणि नसलेला रकाना

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गोदावरीच्या खोऱ्यातील तालुक्याचे गाव. शिर्डीचे साईबाबा मूळचे येथलेच, अशी पाथरीकरांची दृढ श्रद्धा आहे. १९७० च्या दशकात वि. बा. खेर यांनी येथे येऊन चौकशी केली आणि आपले निष्कर्ष लिहून प्रसिद्ध केले. उलटपक्षी, बाबांनी आपले गाव व मातापिता यांविषयी निश्चित असे काही सांगितलेच नाही, अशी शिर्डीकरांची भूमिका आहे. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी निधी देण्याची घोषणा झाली तेव्हा हा वाद उफाळून आला आणि १९ जानेवारीस शिर्डीत बंद पाळण्यात आला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, बाबांच्या निर्वाणाची तारीख, १५ ऑक्टोबर १९१८, सर्वांस ठाऊक आहे. परंतु जन्माची तारीख, जन्मगाव आणि जन्मनाव हे तीन रकाने आजही सर्वमान्य रीतीने भरलेले नाहीत. नोंदीतील एखादी जागा मोकळी राहिली म्हणजे तिच्याभोवती केवढे प्रश्न उभे राहतात, याचे याहून ठळक उदाहरण मराठवाड्यात शोधून सापडावयाचे नाही.

थोर पुरुषाचा कोरा रकाना निदान सर्वांच्या नजरेस पडतो. सामान्य घरातील मुलाच्या नोंदीतील कोरा रकाना मात्र कोणाच्याच ध्यानात येत नाही. तो ध्यानात यावयाचा तो शाळेच्या दाराशी, नाहीतर नोकरीच्या अर्जाच्या वेळी. आणि तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. असे कोरे रकाने आधीच शोधून काढावयाचे असतील, तर संगणकास प्रश्न कसा विचारावा, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न साधा वाटतो. पण तो चुकीच्या शब्दांत विचारला असता यादी अपुरी येते, आणि ती अपुरी आहे हे यादीकडे पाहून कळत नाही.

नाव नसलेली जन्मनोंद

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत निबंधकाकडे गेली पाहिजे. आपल्याकडे बारसे प्रथेप्रमाणे बाराव्या दिवशी होत असले तरी ते नेहमीच त्या दिवशी होते असे नाही. आत्या यावयाची असते, सोयर असते, सुगीची घाई असते. काही घरांत सव्वा महिना झाल्यावाचून पाळण्यात नाव ठेवीत नाहीत. रुग्णालयाकडून मात्र माहिती पहिल्या काही दिवसांतच जाते. शिवाय पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि जन्माची नोंद जन्म जेथे झाला तेथेच व्हावयाची असते. पाथरीच्या सुनेचे बाळ मानवतला वा परभणीला जन्मले, तर नोंद तेथे. नाव ठेवले जाईपर्यंत ती माऊली सासरी परतलेली असते आणि नोंदवही माहेरच्या गावी राहते.

कायद्याने हे ओळखले आहे. जन्माची माहिती देण्याच्या नमुन्यातच, नाव ठेवले नसल्यास जागा कोरी सोडावी, अशी सूचना आहे. अर्थात येथील कोरेपणा हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हे. तो नियमानुसार ठेवलेला कोरेपणा आहे. कलम १४ नुसार आई-वडिलांनी वा पालकाने नंतर तोंडी किंवा लेखी नाव कळविल्यास निबंधकाने ते नोंदवहीत लिहावयाचे असते. नियमांप्रमाणे नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत यास शुल्क नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते. २०१२ साली नावावाचून नोंदविलेल्या मुलीची ही मुदत २०२७ मध्ये संपते. मुलगी तेव्हा नववी-दहावीत असेल.

१ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या सुधारणेमुळे या रकान्याचे महत्त्व आणखी वाढले आहे. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन चालविण्याचा परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नेमणूक इत्यादी कामांसाठी जन्मतारीख व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून जन्मप्रमाणपत्रच ग्राह्य धरावयाचे आहे. या मुलांची पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास पहिलीच्या वर्गात येईल. शिक्षकांनी आतापासून जाणून घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

चार चिठ्ठ्या

कागदी नोंदवहीत कोरा रकाना शोधणे हे डोळ्यांचे काम. लेखनिक पाने उलटीत जातो आणि मोकळी जागा दिसली की क्रमांक टिपून घेतो. कोठे आडवी रेघ असेल, कोठे 'निरंक' असेल, कोठे जुन्या छापील वहीत नावाचा रकानाच नसेल. तो सर्वांचा अर्थ एकदम ओळखतो आणि आपण तीन निराळ्या गोष्टी एकाच यादीत घातल्या याची त्याला जाणीवही नसते. संगणकास ही समज नाही. त्याला शब्दाशब्दाने सांगावे लागते.

समजा, एखाद्या तालुक्यातील नव्या-जुन्या जन्मनोंदी संगणकावर चढवावयाच्या आहेत. पाथरीसारख्या ठिकाणी या नोंदी एका साच्याच्या नसतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तेव्हाचे दप्तर बरेचसे उर्दूत, काही मोडीत, आणि साल फसली. (फसली सनात साधारण ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. १३५८ हे साल पाहून नोंद चुकली असे समजणारा नवा लेखनिक विरळा नसावा.) पुढे गाव नमुना १४, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात बापाचे नाव व जात आढळते, पण बालकाचे नाव अनेकदा नसते, 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. १९६९ च्या अधिनियमानंतरचे नमुने वेगळे, महाराष्ट्र जन्म व मृत्यू नोंदणी नियम, २००० नंतरचे आणखी वेगळे, आणि २०२३ च्या सुधारणेने आई-वडिलांचा आधार क्रमांक, उपलब्ध असल्यास, ही नवी बाब त्यांत आली.

अशा बहुरंगी दप्तरासाठी संगणकशास्त्रात डॉक्युमेंट डेटाबेस म्हणून जो प्रकार आहे तो सोयीचा पडतो. कोष्टकवजा डेटाबेसमध्ये रकाने आधी ठरतात आणि प्रत्येक नोंदीस ते सर्व घ्यावे लागतात. डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंद ही एक स्वतंत्र चिठ्ठी असते आणि आपले रकाने ती आपल्याबरोबर आणते. एका चिठ्ठीवर सात रकाने, दुसरीवर अकरा, तरी दोन्ही एकाच पेटीत राहतात. २००५ मध्ये सुरू झालेला काऊचडीबी आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला मोंगोडीबी हे या जातीचे परिचित डेटाबेस होत. सोय आहे तशीच गोम येथेच आहे. 'नाव नाही' याचे चार निरनिराळे प्रकार एकाच पेटीत येऊन पडतात.

पहिल्या चिठ्ठीवर 'बालकाचे नाव' असा रकाना आहे आणि त्यापुढे नाव लिहिले आहे. ती पूर्ण.

दुसरीवर रकाना आहे, पण पुढे रिकामी अक्षरमाला आहे. म्हणजे लेखनिकाने त्या जागी येऊन काही न लिहिता पुढची कळ दाबली.

तिसरीवर रकाना आहे आणि त्यापुढे 'नल' ही खूण आहे. नल म्हणजे शून्य नव्हे आणि मोकळी जागाही नव्हे. 'येथे मूल्य नाही' असे मुद्दाम सांगणारी ती खूण आहे.

चौथीवर तो रकानाच नाही. कोतवाल बुकातून आलेली चिठ्ठी ती हीच.

याखेरीज पाचवा एक प्रकार आहे, तो पहिल्याच्या वेषात येतो. रकाना आहे, अक्षरेही आहेत. परंतु ती आडवी रेघ, 'निरंक', 'माहीत नाही' किंवा रुग्णालयाच्या पद्धतीने आईच्या नावापुढे 'बेबी' अशी आहेत. संगणकाच्या लेखी ही नोंद पूर्ण आहे.

प्रश्न कसा विचारावा

मोंगोडीबीत 'बालकाचे नाव बरोबर नल' अशी विचारणा केली असता तिसरी आणि चौथी, अशा दोन्ही प्रकारच्या चिठ्ठ्या हाती येतात. पुष्कळ नवशिके येथेच फसतात. नल विचारले म्हणजे नल खूण असलेल्याच चिठ्ठ्या मिळतील अशी त्यांची समजूत असते. केवळ रकानाच नसलेल्या नोंदी हव्या असतील, तर 'एक्झिस्ट्स' ही अट वापरून 'हा रकाना अस्तित्वात नाही' असे सांगावे लागते. केवळ नल खूण असलेल्या हव्या असतील, तर मूल्याचा प्रकार नल असावा, अशी 'टाइप' ची अट घालावी लागते. याउलट 'रकाना अस्तित्वात आहे' असे विचारल्यास पहिली, दुसरी व तिसरी, तिन्ही येतात. कारण नल असला तरी रकाना आहेच. आणि दुसरी चिठ्ठी, रिकाम्या अक्षरमालेची, नलच्याही जाळ्यात येत नाही व 'अस्तित्वात नाही' च्याही नाही. तिच्यासाठी रिकाम्या अक्षरमालेची अट वेगळी द्यावी लागते.

याचा परिणाम किती होतो हे कल्पित आकड्यांवरून पाहू. एका पेटीत १,००० नोंदी आहेत. रकान्यात अक्षरे असलेल्या ७६०, रिकाम्या अक्षरमालेच्या ९०, नलच्या ११० आणि रकानाच नसलेल्या ४०. 'नाव बरोबर नल' ही विचारणा १५० नोंदी देईल. 'रकाना अस्तित्वात नाही' ही विचारणा ४० देईल. खरोखर नाव नसलेली बालके मात्र निदान २४० आहेत. आणि ७६० पैकी ३५ चिठ्ठ्यांवर रेघ किंवा 'बेबी' असेल, तर ती २७५ होतात. जो कर्मचारी १५० ची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावील त्याचे काम कागदोपत्री पुरे झाले असेल. १२५ मुलांच्या घरी मात्र निरोप जाणार नाही. यादीत चुकीचे नाव आले तर कोणीतरी येऊन तक्रार करतो. यादीत न आलेल्याला तक्रार करावयाचे सुचतच नाही.

म्हणून जुन्या हिशेबनिसांची ताळा पाहण्याची सवय येथे उपयोगी पडते. प्रत्येक प्रकार स्वतंत्र विचारणेने मोजावा आणि बेरीज एकूण नोंदींशी ताडून पाहावी: ७६०, ९०, ११०, ४०, एकूण १,०००. बेरीज जमली नाही तर एखादा प्रकार निसटला आहे किंवा दोनदा मोजला गेला आहे. त्यानंतर अक्षरे असलेल्या रकान्यांतील सर्व निरनिराळी मूल्ये काढून, जी वारंवार येतात ती डोळ्यांखालून घालावी. रेघा, 'निरंक' आणि 'बेबी' तेथे आपोआप वर येतात, कारण एकच नाव शेकडो बालकांचे क्वचितच असते, रेघ मात्र असते.

आणखी दोन अडचणी सांगितल्या पाहिजेत. पहिली खास मराठीची आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी आपण 'नांव', 'गांव' असे अनुस्वार देऊन लिहीत होतो आणि जुन्या वळणाचे लेखनिक पुढेही तसेच लिहीत राहिले. एका लेखनिकाने रकान्याचे शीर्षक 'बालकाचे नाव' असे ठेवले आणि दुसऱ्याने 'बालकाचे नांव', तर संगणकास हे दोन वेगळे रकाने वाटतात. मग ज्या नोंदीत नाव स्पष्ट लिहिलेले आहे तीही 'रकाना नाही' च्या यादीत येते. कोष्टकात शीर्षक एकदाच लिहिले जात असल्याने ही चूक होत नाही. येथे प्रत्येक चिठ्ठीगणिक होऊ शकते. यास्तव शोध सुरू करण्यापूर्वी पेटीत किती तऱ्हेची शीर्षके आहेत याची सूची काढणे इष्ट.

दुसरी अडचण वेगासाठी केलेल्या सूचीची. काही सूच्या अशा बांधलेल्या असतात की, ज्या चिठ्ठीवर तो रकाना नाही तिची दखलच सूचीत घेतली जात नाही. अशा विरळ सूचीवरून रकाना नसलेल्या नोंदी शोधणे म्हणजे हजर मुलांची यादी वाचून गैरहजर मुले शोधण्यासारखे आहे. मोंगोडीबी स्वतःहून तसे करीत नाही; परंतु वापरणाऱ्याने विशिष्ट सूची वापरण्याचा आग्रह धरला तर उत्तर अपुरे येते.

कोष्टकवजा डेटाबेस वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. या पद्धतीचा पाया १९७० मध्ये एडगर कॉड यांनी घातला. तेथे 'नाव बरोबर नल' असे विचारले असता एकही नोंद मिळत नाही! नल हा कशाच्याच बरोबर नसतो, दुसऱ्या नलच्याही नाही. म्हणून 'नाव नल आहे काय' असा वेगळा शब्दप्रयोग करावा लागतो. कॉड यांना पुढे जाणवले की एका खुणेने भागत नाही. १९९० च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दोन खुणा सुचविल्या: एक, लागू आहे पण माहिती नाही; दुसरी, लागूच नाही. ही सूचना व्यवहारात फारशी रुजली नाही, हे दुर्दैव म्हटले पाहिजे.

कोरेपणाचे कारण

कारण आपल्या दप्तरातील निम्मे प्रश्न नेमके याच भेदाचे आहेत. २०१५ च्या जन्मनोंदीत आई-वडिलांचा आधार क्रमांक नाही, कारण तेव्हाच्या नमुन्यात ती बाबच नव्हती. २०२४ च्या नोंदीत तो नसेल, तर तो उपलब्ध नव्हता किंवा घ्यावयाचा राहिला. पहिल्या प्रकारात कोणासही विचारावयाचे नाही. दुसऱ्यात कदाचित विचारावे लागेल. जातीच्या रकान्याचे याच्या उलट आहे. कोतवाल बुकात तो होता. आजच्या जन्मनोंदीच्या नमुन्यात नाही. सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामानिमित्त मराठवाड्यातील तहसील कार्यालयांत जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा हा फरक अनेकांनी प्रत्यक्ष अनुभवला असेल. 'नोंद सापडली नाही', 'नोंद आहे पण जातीचा रकाना कोरा आहे' आणि 'त्या नमुन्यात जातीचा रकानाच नव्हता' ही तीन उत्तरे अर्जदाराच्या दृष्टीने अगदी निराळी आहेत. तिन्हींसाठी 'निरंक' असा एकच शेरा मारणे हा अर्जदारावर अन्याय होय.

यावर उपाय खर्चाचा नाही. नोंद चढविताना ती कोणत्या नमुन्यावरून व कोणत्या सालच्या वहीतून घेतली हे एका स्वतंत्र रकान्यात लिहावे, आणि तो रकाना सक्तीचा करावा. मग 'हा रकाना नसणे साहजिक होते काय' याचे उत्तर संगणकालाही देता येते: २००० नंतरच्या नमुन्यावरून घेतलेल्या, तरीही नावाचा रकाना नसलेल्या नोंदी दाखवा, असे विचारले की, नोंद चढवितानाच झालेल्या चुका तेवढ्या पुढे येतात.

रिकामी जागा दिसली की ती भरून टाकण्याचा मोह होतो. या मोहाने आपल्या राज्यात काय केले आहे हे शिक्षकांस सांगावयास नको. शाळेचा जुना दाखल-खारीज रजिस्टर उघडला की १ जून या जन्मतारखेची मुले रांगेने भेटतात. बापास तारीख ठाऊक नव्हती, गुरुजींना रकाना कोरा ठेवण्याची मुभा नव्हती, आणि शाळा जूनमध्ये भरत होती. हेतू मुलाच्या भल्याचाच होता. परंतु त्या मुलांपैकी कोणाचा जन्म खरोखर १ जूनला झाला आणि कोणाची तारीख बसविलेली आहे, हे आज कोणतीही विचारणा सांगू शकत नाही. कोरा रकाना शोधता येतो. अंदाजाने भरलेला रकाना शोधता येत नाही. जनगणनेच्या कोष्टकांत 'वय न सांगितलेले' असा स्वतंत्र वर्ग ठेवतात तो याच कारणासाठी.

विचारणेच्या पलीकडे आणखी एक गट आहे. पाथरी परिसरातून ऊसतोडीसाठी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. काहींची बाळंतपणे कारखान्याच्या तळावरच होतात. ते बाळ पाथरीच्या नोंदवहीत असणारच नाही. ते तिकडच्या गावी नोंदविले गेले असेल किंवा कोठेच नसेल. ज्याची चिठ्ठीच पेटीत नाही त्याचा कोरा रकाना संगणक कसा दाखवील? त्यासाठी दुसरी यादी लागते. अंगणवाडीतील बालकांची नोंद, आशा कार्यकर्तीची लसीकरणाची वही आणि जन्मनोंदी यांची गाठ घालून पाहणे, हाच त्यावरील मार्ग आहे. येथे सरपंच व सदस्यांचे साहाय्य फार मोलाचे. गळितावरून कोणाच्या घरी नवे बाळ आले हे गावात त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

यादी तयार झाल्यावर ती आडनावाच्या क्रमाने न लावता नोंदणीच्या तारखेच्या क्रमाने, जुनी प्रथम, अशी लावावी. ज्यांची १५ वर्षे भरत आली आहेत ती घरे त्यामुळे वर येतात. त्यांच्याकडे निरोप आधी जावा. १२ महिने अजून पुरे न झालेल्यांचा वेगळा गट करावा, कारण त्यांचे काम विनाशुल्क होते आणि त्यांपैकी बहुतेकांचे नाव घरात ठेवून झालेले असते, ते वहीत उतरावयाचे तेवढे बाकी असते. ज्यांचा जन्म माहेरगावी नोंदला आहे त्यांस तेथील निबंधकाकडे पाठवावे लागेल. तेव्हा निरोपाच्या चिठ्ठीवरच नोंदणीचे ठिकाण, क्रमांक व तारीख लिहून द्यावी, म्हणजे आईला तान्ह्या मुलासह दोन खेपा घालाव्या लागणार नाहीत.